गुरुवारच्या पाच बाटल्या

आमच्या घरी गॅसचा सिलिंडर कधी लावला आणि कधी संपला हे कॅलेंडरवर लिहिलेलं असतं. बिबवेवाडीहून स्वारगेटला बस किती मिनिटांत पोचते, हेही मी एक वर्ष रोज लिहून ठेवलं होतं. सरासरी बावीस मिनिटं, गणपतीत एकतीस. नवरा म्हणतो, "हिला न्यायला यम आला तर ही आधी घड्याळात बघेल, आणि त्याला उशीर झाला असेल तर सुनावेल." म्हणू दे. ज्या घरात मी लिहिते म्हणून सिलिंडर कधी अचानक संपत नाही, त्या घरात बसूनच तो हे बोलतो.

मी एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक आहे. नोकरीला चोवीस वर्षं झाली. प्रयोगशाळेत येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करायला एक रजिस्टर असतं. माझ्या आधीचे सहायक त्यात तारीख आणि सही एवढंच लिहीत. मी आल्यापासून त्यात सकाळचं तापमान, नळाला पाणी होतं की नव्हतं, वीज किती वाजता गेली, किती वाजता आली, कुणी कुठला तराजू वापरला, हे सगळं येतं. कुणी सांगितलं म्हणून नाही. न लिहिता मला चैन पडत नाही.

ही गोष्ट गेल्या वर्षीची. आमच्याकडे पीएच.डी. करणारी एक मुलगी होती. यवतमाळकडची, अठ्ठावीस वर्षांची, बारीक, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. ती पॉलिॲनिलीन बनवायची. म्हणजे प्लास्टिकच्याच जातीचा पदार्थ, पण यातून वीज वाहते. दोन पातळ द्रावणं एकत्र ओतायची. दहा-बारा मिनिटं काही होत नाही, मग पाणी निळसर होतं आणि बघता बघता गर्द हिरवं. त्या हिरव्या रंगात अतिशय बारीक कण तयार झालेले असतात. कणांची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजतात. आपला केस साधारण साठ-सत्तर हजार नॅनोमीटर जाड असतो, आणि तिला हवे होते पन्नास नॅनोमीटर जाडीचे, सगळे एकसारखे, लांब धागे.

"शेवया पाहिजेत ताई," ती म्हणायची. "आणि निघून राहिली साबुदाण्याची खिचडी. तीही चिकटलेली."

शेवयाच का, तर त्या हिरव्या पदार्थाची पट्टी करून अमोनियाजवळ नेली की ती निळी पडते आणि तिच्यातून वीज कमी वाहते. बर्फाच्या कारखान्यात, शीतगृहात अमोनिया गळला तर अशी पट्टी तो ओळखू शकते. धागे सुटे आणि बारीक असले तर वायू सगळीकडून शिरतो आणि पट्टी क्षणात सांगते. गोळे असले तर वायू वरवर लागतो आणि पट्टी विचार करत बसते. पदार्थ तोच, पण आकार बिघडला की काम बिघडलं.

अडचण अशी होती की शेवया कधी कधी निघायच्या. कधीच निघाल्या नसत्या तर तिनं नाद सोडला असता. एकतीस वेळा तिनं तो प्रयोग केला होता, अगदी एकाच मापानं, आणि त्यात पाच वेळा सुरेख धागे मिळाले होते. बाकी सव्वीस वेळा गोळे. हे लगेच कळायचंही नाही, कारण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक दुसऱ्या संस्थेत होता आणि तिथे महिना-महिना नंबर लागायचा नाही. ती दहा-बारा नमुने साठवून एकदम घेऊन जायची आणि संध्याकाळी तोंड पाडून परत यायची.

सप्टेंबरच्या एका सोमवारी तिच्या मार्गदर्शक सरांनी तिला माझ्यादेखत सांगितलं. सर मितभाषी, आणि जे बोलतात ते लिंबू पिळल्यासारखं.

"एकतीसमध्ये पाच. याला संशोधन नाही, लॉटरी म्हणतात. ऑक्टोबरअखेर सलग तीन वेळा करून दाखवा, मी सांगेन त्या दिवशी. नाहीतर हे प्रकरण प्रबंधातून काढा."

ते प्रकरण काढलं तर प्रबंधात उरत होतं काय? प्रस्तावना आणि आभार. तिची शिष्यवृत्तीही ऑक्टोबरअखेरच संपत होती. ती रोज अकरा वाजता दुसऱ्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला जायची, पण तेवढ्यावर पुण्यात राहणं शक्य नव्हतं. घरून फोन यायचे, पाच वर्षं झाली, आता परत ये म्हणून. सर गेल्यावर ती बेसिनपाशी उभी राहून एकच बीकर चार वेळा धूत होती.

"अगं, काच झिजेल," मी म्हटलं.

"ताई, मी काय वेगळं करून राहिली हो त्या पाच वेळेला? सांगा ना. तुम्ही तर सगळं लिहिता."

हे मला लागलं. खरंच, मी सगळं लिहिते.

तिच्या प्रत्येक नमुन्यातला थोडा भाग मी लहान बाटलीत ठेवून त्यावर तारीख चिकटवलेली होती. तिनं सांगितलं नव्हतं. टाकून द्यायचं माझ्या जिवावर आलं, एवढंच. त्या एकतीस बाटल्या मी दुसऱ्या दिवशी काढल्या, प्रत्येकीत सारखंच पाणी घातलं, हलवल्या आणि खिडकीत ओळीनं लावल्या. नुसतं बघू म्हणून. तासाभरानं चहा घेऊन आले तर बहुतेक बाटल्यांत हिरवा गाळ खाली बसून वर स्वच्छ पाणी दिसत होतं. पण पाच बाटल्या अजून गढूळ हिरव्या होत्या. गोळे जड म्हणून बुडाले होते आणि धागे तरंगत राहिले होते. मी बाटल्यांवरच्या तारखा तिच्या वहीशी ताडून पाहिल्या. त्याच पाच! सूक्ष्मदर्शकाशिवाय, महिनाभर न थांबता, खिडकीतल्या उजेडात कळत होतं. माझा चहा तिथेच गार झाला.

मग रजिस्टर उघडलं आणि त्या पाच तारखांचे वार काढले.

गुरुवार. गुरुवार. गुरुवार. गुरुवार. गुरुवार.

मी खुर्चीत बसले, उठले, परत बसले. एकतीस प्रयोगांत गुरुवारी केलेले सात. यशस्वी पाच, आणि पाचही त्या सातांतले. नुसत्या योगायोगानं असं व्हायचं तर साधारण आठ हजारांत एकदा होईल. हा हिशेब मी दोनदा केला.

ती पाच वाजता आली तेव्हा मी दारातच सांगितलं. तिनं डोळे मोठे केले. "म्हणजे उपासाचा गुण का, ताई?"

"चेष्टा नको. गुरुवारी शहरात काय वेगळं असतं?"

"पाणी नसते," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी एकदम तिच्या टेबलाकडे वळलो.

तिचा बीकर पाण्यानं भरलेल्या ट्रेमध्ये ठेवलेला असायचा. खाली स्टरर, म्हणजे चुंबकानं ढवळणारं यंत्र. वरून सगळ्यावर थर्माकोलचा खोका झाकायचा, तापमान सांभाळायला. रोज ट्रेमध्ये नळाचं पाणी. गुरुवारी दुरुस्तीसाठी नळ बंद असले की आदल्या दिवशी भरलेल्या पिंपातलं. माझ्या नोंदीप्रमाणे पिंपातलं पाणी दीड अंश गार असायचं. सापडलं! त्या दिवशी मी स्वारगेटला बस बदलताना हसत होते, आणि शेजारच्या बाईंनी पिशवी जवळ ओढून घेतली.

पुढच्या मंगळवारी आम्ही पिंपातलं पाणी वापरलं. तापमान अर्ध्या अंशापर्यंत सांभाळलं. संध्याकाळी बाटली खिडकीत ठेवली. पस्तीस मिनिटांत गाळ तळाला.

"खडकवासल्याचं पाणी नळातून आलं काय आणि पिंपातून आलं काय, सारखंच," सर जाता जाता म्हणाले. "वार बघून प्रयोग करायचे तर पंचांगही मागवून घ्या."

मला राग आला, पण सरांचा नाही. मी त्या दोन गुरुवारांना विसरले होते. सातांत पाच यशस्वी, मग उरलेले दोन का फसले? पाणी त्याही दिवशी पिंपातलंच होतं. ज्या दोन आकड्यांनी माझं म्हणणं मोडत होतं तेच मी आनंदाच्या भरात बाजूला ठेवले होते. इतरांनी असं केलं की मी त्यांना बोलते.

"विजेचं पाहिलं का?" मी तिला विचारलं. गुरुवारी दुरुस्तीसाठी आमच्याकडे वीजही जाते, साडेदहाला जाते आणि दहा-पंधरा मिनिटांत येते.

"ते मी आधीच पाहिलं, ताई. तुमच्याच रजिस्टरात. सातही गुरुवारी गेली. फसलेल्या दोन दिवशी बी गेली. सारखीच पंधरा मिनिटं."

ती रजिस्टर पुढे-मागे करत होती. मग एकदम थांबली. "ताई, या दोन दिवशी अक्षर तुमचं नाही."

खरंच नव्हतं. पहिल्या गुरुवारी मी भाच्याच्या मुंजीला गेले होते, दुसऱ्या गुरुवारी दाढ काढली होती. दोन्ही वेळा रजिस्टर शिपायांनी लिहिलं होतं.

तिनं दोन्ही हात जोडले. "बाप्पा! म्हणजे पाणी नाही, वीज नाही. तुमचा हातगुण!"

"मूर्खासारखं बोलू नकोस. मी तुझ्या बीकरला हातही लावत नाही."

आणि हे मी शपथेवर सांगितलं असतं. दहा वीसला ती द्रावणं ओतायची, स्टरर चालू करायची, खोका झाकायची आणि पंचवीसला बसमागे पळायची. पाच वाजता परत. मधल्या वेळात त्या टेबलाकडे माझं कामच नसायचं.

घरी हे सांगितलं तर नवरा भाजी चिरता चिरता म्हणाला, "तू जगाची नोंद ठेवतेस. एक दिवस स्वतःची ठेवून बघ. बरंच सापडेल. मी इतकी वर्षं सांगतोय."

टोमणा होता, पण मी तो घेतला.

येणाऱ्या गुरुवारी मी एक कोरी वही गळ्यात अडकवल्यासारखी सतत जवळ ठेवली. ठरवलं की जे जे करीन ते वेळेसकट लिहायचं, कितीही फालतू असो. ९.४० कुलूप उघडलं. ९.४४ खिडक्या. ९.५५ तराजू पुसला. १०.२० तिनं द्रावणं ओतली. १०.२५ ती गेली. १०.२८ चष्मा पुसला. १०.३० वीज गेली.

पंखा थांबत होता तेव्हा मी उठले, भिंतीपाशी गेले आणि बोर्डावरची बटणं एका ओळीत खाली पाडली. खट, खट, खट, खट, खट, खट. सहा. मग सवयीनं हात झटकून परत आले, पेन उचललं, "१०.३१" लिहिलं, आणि पुढे काय लिहायचं तिथे माझा हात थांबला.

मी काय केलं होतं?

फार वर्षांपूर्वी एकदा वीज परत येताना जोरात आली आणि आमचं ओव्हन जळलं. तेव्हापासून वीज गेली की मी यंत्रांची सगळी बटणं बंद करते. वीज आली तरी लगेच लावत नाही. दाब स्थिर होऊ दे म्हणून जेवून आल्यावर, दोनच्या सुमारास लावते. हे मी इतक्या वर्षांत एकदाही रजिस्टरात लिहिलं नव्हतं. दार लोटल्याची नोंद कोण ठेवतं? रजिस्टर सांगत होतं, वीज आली पावणेअकराला. स्टरर चालू व्हायचा दोनला. मी रजेवर असले की शिपाई बटणांना हात लावत नसत, म्हणून वीज आल्याबरोबर स्टरर आपोआप फिरायला लागायचा.

म्हणजे कण तयार होत होते त्या वेळात ते पाच नमुने ढवळलेच गेले नव्हते. ते निवांत पडून होते, खोक्याखाली, अंधारात. आणि निवांत पडले म्हणूनच धागे झाले!

मी थर्माकोलच्या खोक्याकडे बघत उभी राहिले. खोका उचलून बघावंसं वाटत होतं आणि उचलायचा नव्हता. वीज आली. बाकीची पाच बटणं मी दोनला लावली, पण स्टररचं लावलंच नाही. वहीत मात्र सगळं लिहिलं.

पाच वाजता ती आली. मी तिला आधी बसवलं. मग म्हटलं, "तुझ्या बीकरला मी दोन वर्षं हात लावतेय. भिंतीवरून."

तिला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ती ओरडली, मग मला मिठी मारली, मग एकदम दूर झाली. चेहरा उतरला होता.

"ताई, प्रबंधात मी लिहिलं आहे, सात तास सतत ढवळून. तो मसुदा सरांकडे आहे. हे तर खोटं झालं ना?"

"खोटं नाही, चुकीचं. आणि चूक माझ्या रजिस्टरची आहे. चल."

सरांच्या खोलीत जाताना मी रजिस्टर वाटेतच दोनदा उघडून पाहिलं हे कबूल करते. चोवीस वर्षांत माझ्या नोंदीत चूक कुणी काढली नव्हती. मी रजिस्टर आणि वही सरांपुढे ठेवली आणि सगळं क्रमानं सांगितलं. सरांनी दोन्ही वाचलं. चष्मा काढला.

"म्हणजे या प्रयोगातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आपण करत होतात, आणि तेही न सांगता," ते म्हणाले. "आम्ही रसायनं बदलत बसलो." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "ढवळल्यानं कण एकमेकांना चिकटतात असं पूर्वी कुणाला दिसलंय का, शोधा. आजच."

तिनं शोधलं. दिसलं होतं. इतरांनी हे आधीच लिहून ठेवलं होतं: सुरुवातीला जे कण जन्मतात ते स्वभावतः धागेच असतात. त्यांना हलवत राहिलं की ते एकमेकांवर आपटतात, त्यांच्यावर नवे थर चढतात आणि गोळा होतो. आम्ही काही पहिल्या नव्हतो. मला जरा हिरमुसल्यासारखं झालं; तिला उलट हायसं वाटलं. आपलं खरं आहे याला आता आधार होता. तिनं ते लेख आधी का पाहिले नाहीत? पाहिले होते. पण आपण सगळेच नमुने ढवळतोय अशी तिची खात्री होती, मग पाच वेळा धागे का निघाले याचं उत्तर तिथे शोधायचं तिच्या मनातच आलं नाही.

त्या गुरुवारची बाटलीही खिडकीत हिरवीच राहिली होती. आता प्रश्न होता सलग तीनचा. सरांनी वार दिले: सोमवार, बुधवार, शनिवार. मुद्दाम गुरुवार टाळला. आम्ही दर वेळी दोन बीकर लावायचे ठरवलं. एक सतत ढवळायचा. दुसऱ्यात द्रावणं झटकन ओतायची, अर्धा मिनिट चांगली मिसळायची आणि मग हात लावायचा नाही.

ही पद्धत घरी समजावून सांगितली तर नवरा म्हणाला, "विरजण लावून ठेवलेलं पातेलं मी नुसतं सरकवलं तरी तू अंगावर येतेस. हे तुला चोवीस वर्षं माहीत होतं की."

त्यालाही एखाद दिवस बरोबर असू दे.

सोमवारी एक वाजता मी दोन्ही बाटल्या खिडकीत ठेवल्या. पस्तीस मिनिटांत ढवळलेल्या बाटलीत वर स्वच्छ पाणी. दुसरी हिरवीगार. दोनला हिरवी. चारला हिरवी. पाचला ती धापा टाकत आली तेव्हाही हिरवी. बुधवारी तसंच. शनिवारी तिला तास नव्हते म्हणून ती दिवसभर खिडकीपाशी बसली आणि दर दहा मिनिटांनी मला वेळ सांगत होती. घड्याळ माझ्या हातात असूनही मी ऐकून घेत होते.

पण बाटल्या म्हणजे पुरावा नव्हे. सरांना चित्रं हवी होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तिला सूक्ष्मदर्शकाची वेळ मिळाली. त्या दिवशी माझ्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलांचं प्रात्यक्षिक होतं आणि मी फोन कधी नव्हे तो खिशात ठेवला होता. सव्वातीनला वाजला.

"ताई, शेवया!"

"तिन्ही?"

"तिन्ही. आणि ढवळलेल्या तिन्हींत खिचडी."

"जाडी मोजलीस का?"

"बाप्पा! आधी खूश तर व्हा!"

मी खूश होतेच. इतकी की एका मुलानं बीकर फोडला तरी मी त्याला काही बोलले नाही, आणि तो घाबरून पुन्हा सांगायला आला.

चित्रांच्या प्रती मी घरी नेल्या. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात मापाची रेघ असते. तिच्यावर पट्टी लावून मी एकेका धाग्याची जाडी सांगत गेले आणि नवरा लिहीत गेला. प्रत्येक चित्रातले पन्नास धागे. एकूण दीडशे. त्यानं तीन वेळा विचारलं, वीसात भागणार नाही का, आणि मी तीन वेळा नाही म्हटलं. सरासरी आली बावन्न, एकोणपन्नास आणि एक्कावन्न नॅनोमीटर. त्यानं तो कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "एवढं बारीक, आणि तीनही वेळा जवळजवळ सारखं?" या वेळी टोमणा नव्हता.

सरांनी दुसऱ्या दिवशी त्या कागदावर सही केली. प्रकरण प्रबंधात राहिलं, "सतत ढवळून" हे शब्द खोडले गेले, आणि पद्धतीच्या पानावर पहिल्या पाच नमुन्यांचं खरं कारण जसंच्या तसं आलं, माझ्या बटणांसकट. त्या आधारावर सरांनी तिला प्रबंध पुरा होईपर्यंत विभागातच दुसऱ्या एका कामावर घेतलं. यवतमाळला ती दिवाळीला गेली ती चार दिवसांसाठी, आणि येताना माझ्यासाठी तिच्या आईनं हातानं वळलेल्या शेवया घेऊन आली. त्या मी मोजल्या नाहीत.

दिवाळीनंतरच्या पहिल्या गुरुवारी साडेदहाला वीज गेली. मी उठले, बोर्डापाशी गेले, हात वर केला. ती त्या दिवशी बससाठी पळाली नव्हती. मागे टेबलापाशी प्रबंध तपासत बसली होती. मान वर न करता म्हणाली,

"ताई, लिहा."

मी लिहिलं: १०.३१, सहा बटणं बंद केली, मी.